बफर मायक्रोसेकंदांत मोजा: व्हिडिओ हार्डवेअरमधल्या मेमरीचा हिशेब

पडद्यावर चित्र मधूनच तुटतं, कॅमेऱ्याच्या फ्रेम गळतात, आणि मेमरीचा मीटर मात्र '४० टक्के वापर' दाखवत निवांत बसलेला असतो. अशा वेळी पहिला हात जातो तो बफर, म्हणजे डेटा तात्पुरता साठवायची जागा, वाढवण्याकडे. कधीकधी तेवढ्याने भागतं. बहुतेक वेळा दोष फक्त थोडा उशिरा दिसू लागतो. टाकीत येणारं पाणी जाणाऱ्यापेक्षा कमी असेल तर टाकी कितीही मोठी बांधा, ती रिकामी होणारच. बफर वेळ पुरवतो, बँडविड्थ (सेकंदाला किती डेटा ये-जा करू शकतो ते माप) पुरवत नाही. म्हणून आधी बँडविड्थचा हिशेब जुळवायचा, मग बफर किती मायक्रोसेकंदांचा हवा ते काढायचं, आणि प्राधान्यक्रमाला त्यानंतरच हात घालायचा.

खालची उदाहरणं दोन यंत्रणांची आहेत: ४के ३० फ्रेमचा कॅमेरा रेकॉर्डर (सोबत १०८०पी पडदा) आणि ४के ६० फ्रेमचा डिस्प्ले. आकडे आपल्या यंत्रणेचे घाला, रीत तीच राहील. एमबी म्हणजे इथे दहा लाख बाइट; फिफोचे (ब्लॉकमधली छोटी रांग, आधी आलेला डेटा आधी बाहेर) केबी मात्र १,०२४ बाइटांचे.

फ्रेमचं खरं माप

फ्रेम साठवायच्या आठ बिटांच्या एनव्ही-१२ या फॉरमॅटमध्ये एका पिक्सेलला दीड बाइट लागतो. दहा बिटांच्या पी-०१० मध्ये तीन, कारण दहा बिट सोळा बिटांच्या जागेत ठेवले जातात आणि सहा बिट वाया जातात. एक्सआरजीबीला (लाल, हिरवा, निळा आणि एक रिकामा बाइट) चार. त्यामुळे ४के फ्रेम एनव्ही-१२ मध्ये १,२४,४१,६०० बाइटांची, पी-०१० मध्ये बरोबर दुप्पट आणि एक्सआरजीबीत ३,३१,७७,६०० बाइटांची होते.

प्रत्यक्षात जागा याहून जास्त लागते. १०८० ला १६ ने भाग जात नाही, म्हणून एच.२६४ (व्हिडिओ कॉम्प्रेशनचं एक मानक) डिकोडर १०८८ ओळी लिहितो, आणि रंगाचा भाग बहुधा 'स्ट्राइड × १०८८' या ठिकाणी सुरू होतो (स्ट्राइड म्हणजे मेमरीत एका ओळीच्या सुरुवातीपासून पुढच्या ओळीच्या सुरुवातीपर्यंतचे बाइट). वाचणाऱ्या ब्लॉकने (चिपमधल्या हार्डवेअरच्या भागाने) तिथे १०८० धरलं, तर सगळे रंग वस्तूंपासून सोळा ओळी खाली सरकलेले दिसतात. उलट, क्रॉपचं माप न पाळता १०८८ ओळी दाखवल्या तर तळाशी आठ ओळींची पट्टी येते. ती हिरवी असेल तर तिथे कोणी काही लिहिलेलंच नाही असं समजा: वाययूव्हीमध्ये (एक प्रकाशाची आणि दोन रंगांच्या किमती) तिन्ही शून्य म्हणजे काळा नव्हे, हिरवा.

स्ट्राइड स्वतः गणित करून काढू नका, ड्रायव्हरला विचारा. व्हीफोरएलटूमध्ये (लिनक्सची व्हिडिओ ड्रायव्हर यंत्रणा) फॉरमॅट ठरवल्यावर ड्रायव्हर प्रत्येक ओळीचे बाइट आणि फ्रेमचा पूर्ण आकार परत देतो. तेच आकडे पुढच्या प्रत्येक ब्लॉकला द्यायचे. चित्र तिरकं कापल्यासारखं दिसलं की दोन ब्लॉकच्या स्ट्राइडमध्ये फरक आहे, बाकी कुठे शोधत बसू नका.

मेमरीतली प्रत्येक फेरी वेगळी मोजा

फ्रेम एकदा लिहिली आणि तिघांनी वाचली तर त्या चार फेऱ्या झाल्या. कॅमेरा रेकॉर्डरचा हिशेब असा होतो (सगळे आकडे एमबी प्रतिसेकंद):

- सेन्सरचा रॉ डेटा लिहिणं आणि वाचणं, पिक्सेलला सव्वा बाइट: ३११ + ३११
- आयएसपीने (सेन्सरच्या डेटातून चित्र बनवणारा ब्लॉक) तयार फ्रेम लिहिणं: ३७३
- नॉइज कमी करण्यासाठी मागची फ्रेम वाचणं: ३७३
- एन्कोडरने (व्हिडिओ आकसवणारा ब्लॉक) मूळ फ्रेम वाचणं: ३७३
- एन्कोडरने संदर्भ फ्रेम (तुलनेसाठीची) वाचणं, एकाच भागाची पुनर्वाचनं धरून दुप्पट: ७४६
- एन्कोडरने पुनर्रचित फ्रेम लिहिणं: ३७३
- प्रिव्ह्यूसाठी स्केलरचं वाचन आणि १०८०पी लेखन: ३७३ + ९३
- डिस्प्लेचं वाचन, व्हिडिओचा थर आणि यूआयचा (बटणं, मेनू) थर, दोन्ही ६० हर्ट्झ: १८७ + ४९८
- जीपीयूने (ग्राफिक्स प्रोसेसर) यूआय काढणं, लेखन आणि तेवढंच वाचन: ४९८ + ४९८

बेरीज ५,००७. एन्कोडरमधून बाहेर पडणारा ५० मेगाबिटांचा प्रवाह यात फक्त सव्वासहा एमबी भरतो. त्याचा बिटरेट कमी करून मेमरीवरचा ताण हलका होईल ही आशा सोडून द्या.

आता मेमरी. एलपीडीडीआर४-३२०० ही ३२ बिटांच्या बसवर कागदोपत्री १२.८ जीबी प्रतिसेकंद देते, १६ बिटांच्या बसवर ६.४. आपला भार पहिल्या बोर्डावर ३९ टक्के होतो, दुसऱ्यावर ७८. मिश्र व्हिडिओ ट्रॅफिकमध्ये कागदावरच्या आकड्याच्या ६५ ते ७० टक्क्यांपुढे भरवसा ठेवू नये: रिफ्रेश (मेमरीतला डेटा टिकवण्यासाठीचं पुनर्भरण), वाचनातून लेखनाकडे वळताना जाणारा वेळ आणि बँकेतली (मेमरीच्या स्वतंत्र भागातली) उघडलेली रो, म्हणजे ओळ, बदलणं हे सगळं त्यातूनच कापलं जातं. म्हणजे १६ बिटांचा बोर्ड इथेच नापास. त्यावर कुठलाही बफर वाढवून उपयोग नाही.

मग कात्री कुठे लावायची? यादी पुन्हा पाहा. यूआय काढणं आणि दाखवणं मिळून जवळपास १,५०० एमबी खातंय, आणि तेही बहुधा न हलणाऱ्या चार बटणांसाठी. यूआय बदलेल तेव्हाच काढा: ९९६ वाचले. आयएसपीला दुसरा, लहान आकाराचा आउटपुट असेल तर प्रिव्ह्यू तिथूनच घ्या: स्केलरचं ३७३ चं वाचन गेलं. सेन्सरचा डेटा मेमरीत न उतरवता थेट आयएसपीत सोडता आला तर आणखी ६२२. उरले सुमारे ३,०१६, म्हणजे १६ बिटांच्या बोर्डावरही ४७ टक्के.

शेवटच्या बचतीची किंमत मात्र आहे. सेन्सर कोणासाठी थांबत नाही. रॉ डेटा मेमरीत उतरत होता तेव्हा आयएसपीला अख्ख्या फ्रेमची सवलत होती, थेट मार्गावर ती काही ओळींवर येते. आयएसपीच्या आउटपुटला मेमरीने थोडंही रोखलं तर ती फ्रेम गेली. दोन सेन्सर एकाच आयएसपीवर आलटून पालटून चालवायचे असतील तर बहुधा हा मार्ग मिळतच नाही.

फ्रेम कॉम्प्रेशनबद्दल एक गैरसमज नेहमी भेटतो. आर्मचं एएफबीसी किंवा तत्सम लॉसलेस पद्धती बँडविड्थ वाचवतात, मेमरीची जागा वाचवत नाहीत. कोणताही तुकडा थेट उघडता यावा म्हणून जागा वाईटात वाईट स्थितीची राखावी लागते, वर हेडरची जागा वेगळी. शिवाय वाचणाऱ्या प्रत्येक ब्लॉकला तो फॉरमॅट समजला पाहिजे. एकालाही समजत नसेल तर मध्ये उलगडण्याची फेरी घालावी लागते आणि बचत तिथेच संपते. बजेट मांडताना ही बचत शून्य धरा: नॉइजने भरलेलं रात्रीचं चित्र जवळजवळ आकसतच नाही.

डिकोडरचा अंदाज सगळ्यात जास्त चुकतो. एचईव्हीसीचा (एच.२६४ च्या पुढचं मानक) लुमा, म्हणजे प्रकाशाचा, फिल्टर आठ टॅपचा असतो, म्हणजे एका दिशेने आठ पिक्सेल वापरतो, त्यामुळे ८×८ च्या तुकड्यासाठी १५×१५ म्हणजे २२५ पिक्सेल वाचावे लागतात. तुकडा दोन संदर्भ फ्रेमवरून घडवायचा असेल तर ४५०. चौसष्ट पिक्सेलसाठी सातपट! वर, १५ बाइट रुंद पट्टी आणायला ६४ बाइटांचे बर्स्ट (एका दमात येणारे सलग बाइट) लागतात. डिकोडरच्या आतला कॅशे (छोटी वेगवान मेमरी) यातलं बरंच झेलतो, पण किती झेलतो ते चित्रावर अवलंबून असतं. मोजणीसाठी बातमीदाराचा स्थिर चेहरा घेऊ नका. खळाळतं पाणी, वाऱ्यात हलणारी पानं, उधळलेल्या कागदी चकत्या असा मजकूर घ्या.

फिफो किती खोल

सूत्र एका ओळीचं आहे: खोली = उपशाचा वेग × सहन करायचा सर्वांत मोठा विलंब. चुका होतात त्या या दोन आकड्यांच्या निवडीत.

४के ६० चं प्रमाणित टायमिंग घ्या. ब्लँकिंग, म्हणजे पिक्सेल न पाठवण्याचा रिकामा वेळ, धरून पूर्ण ओळ ४,४०० क्लॉकची, फ्रेम २,२५० ओळींची, पिक्सेल क्लॉक ५९४ मेगाहर्ट्झ. एक ओळ ७.४१ मायक्रोसेकंदांत संपते. एक्सआरजीबीसाठी तीन वेगवेगळे वेग निघतात. पूर्ण फ्रेमवर सरासरी काढली तर १.९९ जीबी प्रतिसेकंद. एका ओळीवर काढली तर २.०७. आणि ओळीचे पिक्सेल प्रत्यक्ष बाहेर पडत असतानाचा वेग २.३८. फिफोसाठी शेवटचा आकडा वापरायचा. विलंब ५ मायक्रोसेकंद धरला तर सुमारे ११,९०० बाइट, म्हणून १६ केबीचा फिफो घ्या.

मधला आकडा विसरला की काय होतं तेही पाहू. समजा डिस्प्लेला वाचनाच्या चारच विनंत्या एका वेळी वाटेवर (उत्तर यायच्या बाकी) ठेवता येतात, प्रत्येक २५६ बाइटांची, आणि उत्तर यायला ५०० नॅनोसेकंद लागतात. मग मिळणारा कमाल वेग ४ × २५६ ÷ ५०० नॅनोसेकंद = २.०४८ जीबी. फ्रेमच्या सरासरीपेक्षा, म्हणजे १.९९ पेक्षा तो जास्त आहे, म्हणून कागदावर सगळं ठीक दिसतं. पण ओळीमागे १५,३६० बाइट हवे असतात आणि मिळतात १५,१७०. दर ओळीला १९० बाइटांची तूट. उभ्या ब्लँकिंगमध्ये (दोन फ्रेमच्या मधल्या रिकाम्या ओळींत) मेमरी मोकळी असते, पण तेव्हा फिफो आधीच काठोकाठ भरलेला असतो, ती मोकळीक साठवायला जागा नाही. परिणामी प्रत्येक फ्रेमचा वरचा भाग नीट येतो आणि ७०-८० ओळींनंतर चित्र तुटतं. दर फ्रेमला साधारण त्याच उंचीवर तुटणारं चित्र दिसलं की आधी वाटेवरच्या विनंत्यांची मर्यादा तपासा. ती चारावरून आठ केली की हा दोष फिफोला हात न लावता जातो.

किती विनंत्या वाटेवर हव्यात? वेग × विलंब ÷ बर्स्टचा आकार. २.३८ जीबी आणि ५०० नॅनोसेकंदांसाठी १,१९० बाइट वाटेवर हवेत, म्हणजे किमान पाच बर्स्ट. विलंब गर्दीत दुप्पट होतो हे धरून दहा-बारा ठेवा. हार्डवेअर लिहीत असाल तर फिफोतली जागा विनंती सोडतानाच राखून ठेवा. डेटा आल्यावर जागा शोधणारं डिझाइन शांत सिम्युलेशनमध्ये उत्तम चालतं, आणि चार उत्तरं एकदम परत आली की भरून वाहतं.

सर्वांत मोठा विलंब काढताना बेरजेत घाला: मेमरीचा रिफ्रेश (८ गिगाबिटच्या डीडीआर४ चिपला एका वेळी ३५० नॅनोसेकंद), रांगेत आपल्या पुढे असलेले इतरांचे बर्स्ट, वाचन-लेखनाची वळणं, आणि आयओएमएमयूच्या (ब्लॉकने दिलेला पत्ता मेमरीच्या खऱ्या पत्त्यात बदलणारा भाग) टीएलबीमध्ये (त्या पत्त्यांचा कॅशे) पत्ता न सापडल्याने होणारे पेज टेबलचे जादा वाचन. शेवटचा घटक हमखास विसरला जातो. शक्य तिथे मोठी पेजेस वापरा.

मेमरीची फ्रिक्वेन्सी बदलणं मात्र या बेरजेत बसवू नका. त्यात मेमरी काही मायक्रोसेकंद ते कित्येक दहा मायक्रोसेकंद बंद असते, तेवढा फिफो परवडत नाही. हा बदल उभ्या ब्लँकिंगमध्येच करा: ४के ६० ला तिथे ९० ओळी, म्हणजे सुमारे ६६७ मायक्रोसेकंद मिळतात. दोन पडदे असतील आणि त्यांची ब्लँकिंग जुळत नसेल तर चालू असताना फ्रिक्वेन्सी बदलणं बंद ठेवलेलं बरं.

पत्ते आणि बँका

एएक्सआयचा (चिपमधले ब्लॉक जोडणारा बस प्रोटोकॉल) बर्स्ट ४ केबीची सीमा ओलांडू शकत नाही. फ्रेमची सुरुवात आणि स्ट्राइड बर्स्टच्या पटीत ठेवले नाहीत तर बर्स्ट तुटतात आणि विनंत्यांची संख्या वाढते. १९२० ला १२८ ने भाग जातो, २५६ ने जात नाही. म्हणून २५६ बाइटांच्या बर्स्टला १९२० चा स्ट्राइड गैरसोयीचा आहे. मग २०४८? मोह होतो खरा, पण बँकेचा पत्ता मिसळून न देणाऱ्या कंट्रोलरवर दोनाच्या घाताचा स्ट्राइड म्हणजे वरखाली असलेले पिक्सेल त्याच-त्याच मोजक्या बँकांत वेगवेगळ्या रोवर पडण्याची शक्यता. उभ्या दिशेने वाचणाऱ्या ब्लॉकला मग जवळजवळ प्रत्येक वेळी रो बंद करून नवी उघडावी लागते. २३०४ चालवून पाहा आणि दोन्ही मोजा.

चित्र ९० अंशांत फिरवणं हे सगळ्यात महाग काम. ओळीने साठवलेली फ्रेम स्तंभाने वाचली तर एक्सआरजीबीत ६४ बाइटांच्या बर्स्टमधले चारच उपयोगी पडतात. फिरवणाऱ्या ब्लॉकला टाइल स्वरूपातला (लहान चौकोनी तुकड्यांत साठवलेला) डेटा द्या, किंवा ३२×३२ चा तुकडा चिपच्या आतल्या एसरॅममध्ये घेऊन तिथे फिरवा.

प्राधान्य कोणाला

डिस्प्ले आणि सेन्सरचं इनपुट यांना थांबता येत नाही, त्यांचा पहिला मान. कोडेकची (एन्कोडर किंवा डिकोडर) मुदत फ्रेमच्या शेवटी असते, मधे थोडा थांबला तरी बिघडत नाही. जीपीयू त्याच्या मागे. सीपीयूला बँडविड्थ कमी लागते पण विलंब सोसत नाही, त्याला मधली जागा द्या. सगळ्यांना १५ ही सर्वोच्च क्यूओएस (प्राधान्याची) पातळी देऊन ठेवलेले बोर्ड पाहायला मिळतात. तो प्राधान्यक्रम नसल्यातच जमा.

डिस्प्लेलाही कायम वरची पातळी नको. त्याचे बर्स्ट सतत पुढे घुसले की कंट्रोलरला इतरांचे बर्स्ट रोनुसार जुळवून घेता येत नाहीत आणि एकूण क्षमता घटते. फिफोला दोन खुणा ठेवा. वरच्या खुणेपर्यंत भरलेला असेल तर साधी पातळी, खालच्या खुणेखाली गेला की तातडीची. खालची खूण = उपशाचा वेग × तातडीच्या पातळीवरचा विलंब. तो दीड मायक्रोसेकंद असेल तर ३,५६० बाइट येतात, ६ केबीवर खूण ठेवा. तातडी काढून घ्यायची खूण त्याहून वर, म्हणजे १० केबीच्या आसपास, नाहीतर पातळी दर काही नॅनोसेकंदांना वरखाली होत राहते.

कोडेकला वेगाची मर्यादा लावा. मोकळा सोडला तर तो फ्रेम सहा मिलिसेकंदांत उरकून उरलेला वेळ बसून राहतो, आणि त्या सहा मिलिसेकंदांत बाकीच्यांचा श्वास कोंडतो. सरासरीच्या सव्वापट मर्यादा बहुधा पुरते.

आवाजाचा हिशेब एका वाक्यात होतो: ४८ किलोहर्ट्झ, दोन चॅनेल, सोळा बिट म्हणजे सेकंदाला १,९२,००० बाइट. बँडविड्थ नगण्य, पण खंड लगेच कानाला टोचतो. त्याला बेधडक वरची पातळी द्या, ४८० सॅम्पलचे म्हणजे १० मिलिसेकंदांचे चार पीरियड (बफरचे तुकडे) ठेवा आणि विसरून जा.

बफर किती, आणि कोणाच्या ताब्यात

४के एचईव्हीसीला पातळी ५.१ वर सहा चित्रांचा साठा लागू शकतो, चालू चित्र धरून. त्यात एक पडद्यावर, एक पडद्याच्या रांगेत आणि एक मधल्या प्रोसेसिंगमध्ये, असे नऊ. पी-०१० मध्ये हे सुमारे २२४ एमबी होतात. सीएमएची (लिनक्समध्ये सलग बफरांसाठी राखलेली मेमरी) जागा याहून कमी ठेवली तर वाटप कधी होतं, कधी होत नाही, आणि यंत्र बराच वेळ चालू राहिल्यावर हमखास फसतं. सुरुवातीलाच सगळे बफर घेऊन ठेवा.

एक बफर कमी पडला तर त्रुटीचा संदेश येत नाही. पडदा पुढच्या फ्रेमची वाट पाहत जुनी धरून बसतो, डिकोडर रिकाम्या बफरची वाट पाहतो, आणि चित्र गोठतं. असं झालं की प्रत्येक बफर त्या क्षणी कोणाच्या ताब्यात आहे याची यादी काढा. ड्रायव्हरने सांगितलेली किमान संख्या ही डिकोडरची स्वतःची गरज असते, पडद्यासाठीचे त्यात धरलेले नसतात.

फ्रेम एका ब्लॉककडून दुसऱ्याकडे डीएमए-बफने (तोच बफर सामायिक करून) द्या, मेमकॉपीने (सीपीयूने प्रत काढून) नाही. ४के ६० एनव्ही-१२ ची एक प्रत म्हणजे वाचन-लेखन मिळून सेकंदाला दीड जीबी. सीपीयूने बफरला हात लावलाच तर आधी-नंतर कॅशे आणि मेमरी सिंक करा. ते विसरल्याची खूण ओळखीची आहे: चित्रात जागा बदलणारे छोटे आडवे डॅश, नेमके ६४ बाइट लांब, म्हणजे कॅशेची एक ओळ.

मोजताना

कंट्रोलरचे काउंटर सेकंदाला एकदा वाचून काही कळत नाही, कारण तुटणं मायक्रोसेकंदांत घडतं. १०० मायक्रोसेकंदांची खिडकी ठेवा आणि सरासरीऐवजी सर्वांत मोठा आकडा नोंदवा. फिफोची आजवरची सर्वांत खालची पातळी धरून ठेवणारं रजिस्टर असेल तर त्याहून उपयोगी काही नाही. नवीन चिप आखत असाल तर ते नक्की घाला.

चाचणी अशी लावा: सगळे थर चालू, गजबजलेला व्हिडिओ, सीपीयूच्या प्रत्येक कोरवर कॅशेपेक्षा मोठी मेमकॉपी, आणि बोर्ड तापवलेला. तापवायचं कारण असं: डीडीआर४ ला ८५ अंश सेल्सिअसच्या वर ७.८ ऐवजी ३.९ मायक्रोसेकंदांनी रिफ्रेश द्यावा लागतो. ३५० नॅनोसेकंदांच्या हिशेबाने रिफ्रेशमध्ये जाणारा वेळ साडेचार टक्क्यांवरून नऊवर जातो. टेबलावर तासन्‌तास बिनचूक चालणारं यंत्र बंद पेटीत अर्ध्या तासाने चित्र तोडू लागलं, तर क्लॉकच्या आधी मेमरीचं तापमान पाहा.